बुरशीचे पाचक विकर आणि दुकानातील तापमान

मेदाचे पचन करणारे विकर, म्हणजेच लायपेज, कोठे तयार होते? या प्रश्नाचे उत्तर बहुधा स्वादुपिंडापाशी थांबते. मानवी शरीरात तोच त्याचा प्रमुख स्रोत आहे. जठराचा वाटा त्या मानाने अल्प. निसर्गात मात्र या विकराचा संचार फार व्यापक आहे. अंकुरणारे एरंडाचे बी आपल्या तेलाचे विघटन त्याच्याच साहाय्याने करते. भाताचा ताजा कोंडा लवकर खवट होतो, त्यामागेही तेच असते. कीटकांच्या मध्यांत्रात ते अन्नातील मेद पचवते, तर त्यांच्या मेदपिंडात साठवलेला मेद मोकळा करून टोळासारख्या कीटकाला दीर्घ उड्डाणासाठी ऊर्जा मिळवून देते.

शेतीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा स्रोत मात्र कीटकांना रोग जडवणाऱ्या बुरशींचा आहे. बिव्हेरिया व मेटारायझियम यांना कीटकाने गिळावे लागत नाही. बीजाणू कीटकाच्या त्वचेला चिकटतो, ओलाव्यात अंकुरतो आणि मगच विकरे स्रवू लागतो. लायपेज त्वचेवरील मेणचट थरावर काम करते. प्रोटिएज व कायटिनेज पुढील थर भेदतात. म्हणजेच ही बुरशी आपले पचन शरीराबाहेर करते.

नेमका हाच मुद्दा व्यवहारात दुर्लक्षित राहतो. बीजाणू मृत असेल, तर तो अंकुरणार नाही आणि विकरही निर्माण होणार नाही. मग पुडीत उरते ती केवळ वाहक भुकटी. कारखान्यातून निघताना उत्पादन निकषात बसले, तरी उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात महिनोन्महिने पडून राहिल्यावर ते तसेच राहील, असे मानणे भाबडेपणाचे आहे. फवारणी निष्फळ ठरली की दोष जैविक पद्धतीला दिला जातो आणि शेतकरी पुन्हा रासायनिक कीटकनाशकाकडे वळतो.

म्हणून गुणवत्तेची तपासणी विक्रीच्या ठिकाणापर्यंत पोहोचली पाहिजे आणि थंड साठवणूक ही विक्रेत्याची जबाबदारी ठरली पाहिजे. शेतकऱ्यानेही फवारणी सायंकाळी, पुरेशी आर्द्रता असताना करावी. द्रावणात बुरशीनाशक मिसळू नये. बिव्हेरिया रेशीमकिड्यांनाही मारक असल्याने तुती बागांजवळ तिचा वापर टाळावा. बुरशी हे औषध नव्हे, तो एक सजीव आहे. त्याला जिवंत ठेवले, तरच तो शेतकऱ्याच्या कामी येईल.