परीक्षेच्या तोंडावर कोणती गणिते?

बारावीची बोर्डाची परीक्षा आटोपली की श्रीवर्धनसारख्या गावात सुट्टीची हवा येते. समुद्रकाठी पर्यटकांची वर्दळ वाढते, वाड्यांतून आंब्यांची राखण सुरू होते. अभियांत्रिकीकडे डोळे लावून बसलेल्या मुलामुलींच्या वाट्याला मात्र ही सुट्टी येत नाही. एमएचटी-सीईटी ही राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा त्यांच्यासमोर उभी असते आणि शेवटच्या पंधरवड्यात त्यांना व त्यांच्या शिक्षकांना एकच प्रश्न सतावतो. आता सरावाला गणिते घ्यावीत ती कोणती? सोपी, परीक्षेच्या तोडीची, की त्याहून अवघड?

प्रचलित उत्तर ठरलेले आहे: अवघड घ्यावीत. मोठ्या शहरांतील शिकवणी वर्गांचे जाडजूड संच हस्ते-परहस्ते गावात येतात आणि आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेतील गणितांशी मुले रात्र-रात्र झुंजतात. अवघड सुटले की सोपे आपोआप सुटेल, अशी यामागची समजूत आहे. ती सर्वस्वी निराधार नाही. परंतु ती कोणत्या वेळी खरी ठरते याचा विचार सहसा होत नाही.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहावे. गणिताच्या प्रश्नपत्रिकेत ५० प्रश्न असतात, प्रत्येकाला २ गुण आणि एकूण वेळ ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला १०८ सेकंद येतात. एकूण २०० गुणांपैकी निम्मे, म्हणजे १०० गुण एकट्या गणिताचे आहेत. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या व ८० टक्के बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, सोप्या प्रश्नालाही दोनच गुण आणि अवघड प्रश्नालाही दोनच. ही परीक्षा कष्टाचे मोल वेगळे चुकवीत नाही.

अर्थशास्त्रात सीमान्त लाभाचे एक साधे तत्त्व आहे. मर्यादित साधन जेथे शेवटच्या मात्रेला अधिकात अधिक फळ देईल, तेथे ते खर्च करावे. शेवटच्या पंधरा दिवसांत विद्यार्थ्यापाशी मर्यादित असतो तो वेळ. एका दुर्घट गणितावर दोन तास घालवून ते सुटले, तरी तसाच प्रश्न प्रत्यक्ष परीक्षेत येण्याचा संभव थोडा. त्याच दोन तासांत परीक्षेच्या तोडीची साठ-पासष्ट गणिते घड्याळ लावून सोडविता येतात आणि कोणत्या सूत्रावर हात अडखळतो, कोठे चिन्ह चुकते, हे कळून येते. जे गुण हातचे जातात ते बहुधा अशाच ठिकाणी जातात.

येथे आणखी एक बारकावा आहे. सीईटीच्या गणिताची काठिण्यपातळी जेईई मुख्य परीक्षेच्या तोडीची राहील, असे परीक्षा कक्षाने जाहीर केलेले आहे. म्हणून त्या परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडविणे योग्यच. पण तेथे ७५ प्रश्नांना १८० मिनिटे असतात, म्हणजे प्रश्नामागे १४४ सेकंद. शिवाय चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. तेथे न येणारा प्रश्न सोडून देणे शहाणपणाचे, तर सीईटीत प्रश्न कोरा सोडणे निव्वळ तोट्याचे. चार पर्यायांतून अंदाजाने निवडलेल्या उत्तराचेही सरासरी मोल अर्धा गुण भरते. गणित उसने घ्यावे, सवय मात्र उसनी घेऊ नये.

अवघडाचा कैवार घेणारे म्हणतील की, सोप्यात रमणारा विद्यार्थी फसव्या आत्मविश्वासाला बळी पडतो. हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेत रोरर व टेलर या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच प्रकारची गणिते ओळीने सोडविणाऱ्या विद्यार्थ्यांची सरावातील उत्तरे अधिक बरोबर आली. परंतु आठवड्यानंतरच्या चाचणीत, सरळमिसळ गणितांवर सराव केलेले विद्यार्थी त्यांच्या पुष्कळ पुढे निघाले. सरावात अडचण हवी हे यावरून सिद्ध होते. पण ही अडचण गणित अधिक क्लिष्ट असल्याची नव्हती. समोरचे गणित कोणत्या प्रकारचे आहे हे स्वतःच ओळखण्याची होती. परीक्षेतही नेमके तेच करावे लागते.

तेव्हा मार्ग मधला आहे, आणि तो वेळेनुसार बदलणारा आहे. सहा महिने हाताशी असताना अवघड गणितांशी अवश्य झुंजावे. विचाराची खोली तेथेच येते. शेवटच्या पंधरवड्यात परीक्षेच्या तोडीची, सर्व प्रकरणांची सरमिसळ असलेली गणिते वेळ लावून सोडवावीत, चुकांची वही ठेवावी आणि अवघडासाठी दिवसातून एखादे गणित पुरे समजावे. शेवटच्या दोन दिवसांत नवे काही हाती न घेता ती वही चाळावी व पुरेशी झोप घ्यावी. किनाऱ्यावरच्या कोळ्याला हे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात तो होडी वर ओढून तिची डागडुजी करतो. नारळी पौर्णिमेला ती पाण्यात लोटताना कोणी तिची फळी उखडून पाहत नाही.

हा प्रश्न केवळ अभ्यासतंत्राचा नाही. शहरातील विद्यार्थ्याला कोणते गणित कधी घ्यावे हे सांगणारा माणूस पैसे मोजून मिळतो. श्रीवर्धनच्या विद्यार्थ्याला मिळतो तो दुसऱ्याचा जुना संच, आणि त्यातील निम्मी गणिते सुटली नाहीत की आपली कुवतच नाही, असे त्याच्या मनाने घेतले जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या तालुक्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नवी पोफळ हाती उत्पन्न देईपर्यंत वर्षे जातात. अशा घरातील मुलाला लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात जागा मिळणे आणि खाजगी महाविद्यालयाचे शुल्क भरावे लागणे, यांत संसाराच्या ताळेबंदाचा फरक असतो. तो फरक कधी कधी पाच-सहा प्रश्नांवर ठरतो.

म्हणून परीक्षा कक्षाने काठिण्यपातळीनुसार वर्गवारी केलेले सराव-संच विनामूल्य उपलब्ध करून द्यावेत, आणि कनिष्ठ महाविद्यालयांनी शेवटच्या पंधरवड्यात वेळ लावून तीन-चार सराव परीक्षा घ्याव्यात. याला खर्च फारसा नाही; वर्गाची खोली आणि शिक्षकाची एक सकाळ पुरते. कोणते गणित सोडवावे हे ठाऊक असणे हेही एक भांडवल आहे, आणि ते ज्याच्यापाशी नाही त्याला पुरविणे हे सार्वजनिक शिक्षणाचेच काम आहे.