नेवाडाची जमीन कुणाच्या बापाची?

अमेरिकेचा एक नकाशा दर दोन-तीन वर्षांनी कुठून तरी उगवतो. केंद्र सरकारच्या मालकीची जमीन त्यात रंगवलेली असते. पूर्वेकडचा भाग जवळजवळ कोरा, टेक्सास तर अगदीच स्वच्छ, आणि रॉकी पर्वतापासून पुढे मात्र कुणीतरी रंगाचा डबा सांडल्यासारखं. कनेटिकटमधे अर्धा टक्कासुद्धा जमीन केंद्राची नाही, नेवाडात सुमारे ८० टक्के! युटात ६३, कॅलिफोर्नियातही ४५ च्या आसपास. सगळ्या देशाचा हिशेब केला तर साधारण २८ टक्के.

हा नकाशा पाहिला की आपल्यातली शिकलीसवरलेली मंडळी लगेच निकाल देऊन मोकळी होतात. "बघा, खासगी मालकीचा एवढा डंका पिटणारा देश, आणि पाव देश सरकारच्या घशात! राज्यांना परत द्या, विकू द्या, विकास होईल." सॅन होजेला असलेले आपले मित्र तर हे हमखास म्हणतात, आणि लाँग वीकेंडला योसेमिटीला जाऊन फोटो काढतात. ती योसेमिटीही केंद्राचीच हो!

माझं मत स्पष्ट सांगतो. हा निकाल चूक आहे. आणि 'परत द्या' मधला 'परत' ही तर निव्वळ लबाडी आहे.

आधी हे असं झालं कसं ते बघू. मूळच्या तेरा राज्यांची जमीन देश बनायच्या आधीपासून त्यांची किंवा तिथल्या लोकांची होती. टेक्सास स्वतंत्र देश होता, १८४५ साली अमेरिकेत आला तेव्हा त्याने आपली जमीन आपल्याकडेच ठेवली. म्हणून ही राज्यं कोरी दिसतात. बाकीचा बहुतेक मुलुख केंद्राने मिळवलेला. १८०३ साली फ्रान्सकडून विकत, १८४८ साली मेक्सिकोशी युद्ध करून, १८६७ साली रशियाकडून अलास्का. तेव्हा राज्यं नव्हतीच. ती नंतर याच जमिनीवर आखली गेली.

आता गंमत बघा. ही जमीन धरून ठेवायची केंद्राला अजिबात हौस नव्हती. उलट वाटून टाकायची घाई होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर घ्या, पाच वर्षं राहून कसा, जमीन तुमची. अशी जवळपास २७ कोटी एकर वाटली गेली. रेल्वे कंपन्यांना दिली ती वेगळीच. आयोवा, कॅन्सस, नेब्रास्का अशी संपली.

मग वाटप थांबलं कुठे? जिथे पाऊस थांबला तिथे. शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस इंचसुद्धा पाऊस पडत नाही. जॉन वेस्ली पॉवेल नावाच्या एकहाती भूगर्भतज्ज्ञाने १८७८ सालीच अहवाल देऊन सांगितलं होतं की बाबांनो, इथे १६० एकरात कुटुंब जगणार नाही, गुरं पाळायची तर २५६० एकर लागतील. त्याचं कुणी ऐकलं नाही. लोक आले, होरपळले, निघून गेले.

म्हणजे नेवाडातली जमीन सरकारने बळकावलेली नाही. फुकट देऊनसुद्धा ज्याला गिऱ्हाईक मिळालं नाही असा तो उरलेला माल आहे! १८९१ पासून डोंगरावरची जंगलं राखीव होऊ लागली, १९३४ साली उरलेल्या कुरणांवर चराईचे नियम आले, आणि १९७६ साली कायद्याने ठरलं की ही जमीन यापुढे सर्वसाधारणपणे केंद्राकडेच राहील. ऐंशी टक्क्यांचं हे डिझाइन कुणी बसून केलेलं नाही. जुन्या सिस्टीममधे पॅच मारत गेल्यावर होतं तसं ते झालं आहे. पण म्हणून ते वाईट ठरत नाही.

आता 'परत' बद्दल. १८६४ साली नेवाडा राज्य झालं तेव्हा या जमिनीवरचा हक्क कायमचा सोडत असल्याचं त्याने लिहून दिलं. १८९६ साली युटानेही तेच केलं. तरी २०२४ साली युटा १.८५ कोटी एकरांसाठी थेट सुप्रीम कोर्टात गेलं. जानेवारी २०२५ मधे कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

आणि मूळ मालकाला परत द्यायचीच असेल तर प्रामाणिकपणे द्या ना. नेवाडाचा मोठा भाग वेस्टर्न शोशोनी लोकांचा. १८६३ साली त्यांच्याशी रूबी व्हॅलीचा करार झाला. त्यात जमीन विकल्याचा शब्द नव्हता. पुढे १९७९ साली २.६ कोटी डॉलर भरपाई ठरली, त्यांनी घ्यायला नकार दिला. सरकारने त्यांचा 'पालक' म्हणून ती स्वतःच स्वतःकडून स्वीकारली, आणि १९८५ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं, पैसे पोचले! 'परत द्या' वाल्यांच्या भाषणात हे शोशोनी कधी ऐकलेत?

बरं, समजा दिली राज्यांना. ती काय करतील? अंदाज बांधायची गरज नाही, उत्तर इतिहासात आहे. शाळांसाठी म्हणून नेवाडाला केंद्राकडून सुमारे २७ लाख एकर मिळाली होती. आज त्यातली शिल्लक साधारण तीन हजार एकर. नऊशे एकरांमागे एक! राज्याला बजेट जुळवावं लागतं. वणव्यांचं एक वाईट वर्ष आलं की पहिली विकली जाणार ती जमीनच. घेणारा कोण, तर कुंपण घालून 'आत येऊ नये' पाटी लावणारा.

विकून पस्तावल्याचं उदाहरणही घरातलंच आहे. पूर्वेकडचे डोंगर खासगी हातात गेले, लाकूड कंपन्यांनी ते बोडके केले, नद्यांना पूर येऊ लागले. शेवटी १९११ साली वीक्स कायदा करून केंद्राला तीच जमीन पैसे मोजून विकत घ्यावी लागली. न्यू हॅम्पशायरचं व्हाइट माउंटन जंगल असं उभं राहिलंय.

पश्चिमेकडच्यांचं दुखणं सगळंच खोटं आहे असं मी म्हणत नाही. काउंटीला या जमिनीवर कर लावता येत नाही, आणि निर्णय वॉशिंग्टनमधे होतात. लास व्हेगासला वाढायला जागा हवी हेही खरं. पण करापोटी भरपाई देणारा कायदा १९७६ पासून आहे. व्हेगासभोवतीची केंद्राची जमीन लिलावाने विकून पैसा तिथेच वापरायची सोय १९९८ पासून आहे. त्या सोयी वाढवा, भरपाई वाढवा, कोण नको म्हणतंय? नळ गळतोय म्हणून कुणी घर विकत नाही.

आणि 'पिळवणूक' म्हणाल तर २०२४ साली एक गाय-वासरू महिनाभर सरकारी कुरणात चारायचा दर १.३५ डॉलर होता. पुण्यात बऱ्या ठिकाणची कॉफीही तेवढ्यात येत नाही! खासगी कुरणात याच्या कितीतरी पट पडतात.

गंमत म्हणजे हे तिथल्या सामान्य माणसाला आपल्या मित्रांपेक्षा चांगलं कळतं. २०२५ च्या उन्हाळ्यात युटाचे सिनेटर माइक ली यांनी अशी लाखो एकर जमीन विकायची तरतूद बजेटच्या विधेयकात घुसडायचा प्रयत्न केला. विरोध कुणी केला? बंदुका घेऊन शिकारीला जाणाऱ्यांनी, मासे पकडणाऱ्यांनी, मोंटाना आणि आयडाहोच्या रिपब्लिकन सिनेटरांनी. जून संपायच्या आत ली यांना माघार घ्यावी लागली. कारण साधं आहे. ज्याच्याकडे रँच नाही त्यालाही ही जमीन हक्काने फिरू देते.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. गायरान म्हणजे काय ते आपल्या आजोबांना विचारा. सातबाऱ्यावर सरकार, वापरात गाव. एकदा त्यावर प्लॉटिंग झालं की कुठल्या गावाला ते परत मिळालंय?

असो. पुढच्या वेळी तो नकाशा समोर आला तर शेजारी अमेरिकेचा पावसाचा नकाशा ठेवून बघा. आणि कुणी 'विका' म्हणालं तर एवढंच विचारा, की पुन्हा विकत घ्यायचे पैसे कोण देणार?