अनुदान घराला, की जमिनीच्या भावाला?

ऑगस्ट २०१८मध्ये सिडकोने तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी येथील १४ हजार ८३८ घरांची योजना जाहीर केली, तेव्हा भाड्याच्या खोलीत आयुष्य काढणाऱ्या असंख्य कुटुंबांच्या आशा पल्लवित झाल्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील अर्जदारांना प्रधानमंत्री आवास योजनेतून केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख रुपयांचे अनुदान मिळणार होते. घर पावणेसव्वीस चौरस मीटरचे असले, तरी ते हक्काचे होते. कुटुंबातील स्त्रीचे नाव मालकीत असलेच पाहिजे, ही या योजनेची अट तर सर्वार्थाने स्वागतार्ह आहे. शासन गरिबाच्या दारी पोहोचू इच्छिते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

प्रश्न हेतूचा नसून हिशेबाचा आहे. या घरांची किंमत १८ लाखांच्या आसपास होती. अनुदान वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेपैकी १४ लाख जरी कर्जाने उभे केले, तरी साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी दरमहा बारा हजारांहून अधिक हप्ता पडतो. अर्जदाराचे मासिक उत्पन्न मात्र २५ हजारांच्या आत असले पाहिजे, अशी अट होती. म्हणजे ज्याला पात्र ठरविले, त्याच्या मिळकतीचा निम्मा भाग हप्त्यातच जाणार! त्यात ताबा देण्यास २०२१ साल उजाडले. तोवर ज्यांना खोलीचे भाडे आणि बँकेचा हप्ता अशी दुहेरी ओढाताण सोसावी लागली, त्यांच्या सोशिकतेला शासकीय आकडेवारीत रकाना नसतो.

पुढे काय झाले? ऑक्टोबर २०२४मध्ये २६ हजार घरांची नवी योजना आली. जानेवारी २०२५मध्ये तिच्या किमती जाहीर झाल्या, तेव्हा तळोजातील दुर्बल घटकांचे घर २५ लाखांवर गेले होते आणि वाशीच्या ट्रक टर्मिनल येथील अल्प उत्पन्न गटाचे घर ७४ लाखांवर. अनुदान मात्र अडीच लाखांचेच राहिले. २०१८मध्ये ते घराच्या किमतीच्या सातव्या हिश्श्याएवढे होते. तळोजासारख्या तुलनेने स्वस्त ठिकाणीही ते आता दहाव्या हिश्श्यावर आले. जनक्षोभानंतर डिसेंबर २०२५मध्ये राज्य शासनाने किमतीत दहा टक्के कपात जाहीर केली, हे योग्यच झाले. पण त्यातून एक सत्य उघड होते. २५ लाखांच्या घरावरील दहा टक्के म्हणजे अडीच लाख, म्हणजेच केंद्र आणि राज्य यांच्या एकत्रित अनुदानाएवढी रक्कम! जे साध्य करण्यासाठी दोन सरकारांना तिजोरी उघडावी लागते, ते भूखंडाचा धनी असलेली संस्था किंमतपत्रकावरील एका आकड्याने साधू शकते.

ही जमीन सिडकोकडे आली कशी, याचे विस्मरण होता कामा नये. शिरीष पटेल, चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांनी १९६५मध्ये खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. १९७०मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या भूमीवर या शहराची आखणी झाली. सार्वजनिक हितासाठी जमीन घ्यावी, तिचा विकास करावा आणि वाढलेल्या मूल्यातून शहराच्या सुविधा उभाराव्यात, हे त्यामागील सूत्र होते. त्या सूत्रासाठी आगरी-कोळी शेतकऱ्यांनी भातखाचरे आणि मिठागरे सोडली. न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. त्या संघर्षातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा न्याय पुढे आला. सार्वजनिक हितासाठी म्हणून घेतलेल्या या भूमीवर गरिबाचे घर बाजारभावाशी स्पर्धा करू लागले, तर त्या त्यागाचा अर्थ काय उरला?

मेट्रो, रस्ते, पाणी आणि विमानतळ यांसाठी निधी भूखंडविक्रीतूनच येतो, असा युक्तिवाद केला जातो. तो निराधार नाही. मात्र हा भार व्यापारी संकुले आणि आलिशान वसाहती यांच्या भूखंडांवर टाकावा, की २५ चौरस मीटरच्या घरावर? नियोजनाची खरी कसोटी येथेच आहे.

दुसरी विसंगती अधिकच बोचरी आहे. स्वतःच्या जमिनीवर स्वतः घर बांधणाऱ्यालाही आवास योजनेत अनुदानाची तरतूद आहे. परंतु त्यासाठी जमिनीच्या मालकीची कागदपत्रे लागतात. ज्यांच्या जमिनीवर शहर उभे राहिले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी गावठाणाभोवती गरजेपोटी बांधलेली घरे मात्र कागदोपत्री अनधिकृत! ती नियमित करण्याचे निर्णय वेळोवेळी निघाले, २०२२मध्येही निघाला. पण निर्णय आणि हाती पडणारा उतारा यांत फार मोठे अंतर असते. दिघा, तुर्भे येथील औद्योगिक पट्ट्यातील झोपडीवासीयांपुढेही अडथळा तोच, पायाखालच्या जमिनीचा.

म्हणूनच काही गोष्टी निश्चयपूर्वक व्हायला हव्यात. दुर्बल घटकांच्या घराची किंमत ठरविताना जमिनीचा नफा त्यात धरू नये आणि किंमत कशी ठरली याचा तपशील अर्ज मागविण्यापूर्वीच जाहीर करावा. छोट्या नगराला आणि महानगर प्रदेशाला अनुदानाची एकच फूटपट्टी लावू नये. आणि मूळ गावांतील घरांचे मोजमाप व मालकीपत्रे यांचे काम कालबद्ध व्हावे.

शासनाचे काम किल्ली हाती देण्यापर्यंतचे. वस्तीचे घरकुल करणे हे समाजाचे काम आहे. निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे एका इमारतीत राहू लागतात, तेव्हा गृहनिर्माण संस्थेची नोंदणी, देखभालीचा हिशेब, पाण्यासाठीचा पाठपुरावा, मुलांची अभ्यासिका, स्त्रियांचे बचतगट हे सारे कुणीतरी उभे करावे लागते. अर्ज भरताना दलालाच्या हाती सापडणाऱ्या गृहिणीशेजारी कागद वाचून दाखविणारा कार्यकर्ता बसला, तर अनुदानाचा रुपया वाटेत गळणार नाही. नव्या वसाहतींलगत राहणाऱ्या सुस्थित कुटुंबांनी आठवड्यातील दोन तास या कामी दिले, तरी पुष्कळ होईल. अनुदानाने छप्पर मिळते. शेजार मात्र माणसांनीच निर्माण करायचा असतो.