परमहंस : बंद दाराआडची समता

पिशोरच्या आमच्या वाचनवर्गात परवा एका मुलाने विचारले, "परमहंस म्हणजे काय?" शब्दाचा अर्थ सोपा आहे. संन्याशांमधली सर्वात वरची पायरी. जात, कर्मकांड यांच्या पलीकडे गेलेला माणूस. पण महाराष्ट्रात हाच शब्द एका गुप्त मंडळीचे नाव झाला, आणि तिथे त्याचा अर्थ पालटला.

१८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर आदी सुशिक्षितांनी परमहंस सभा काढली. हेतू जातिभेद मोडण्याचा. सभासद होताना ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. त्या काळी हे धाडस होते, हे आम्ही नाकारत नाही. पण पाव खायचा दार लावून, आणि बाहेर आले की पुन्हा आपापल्या जातीत! १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावे फुटण्याची वेळ आली आणि सभा मोडली. जी समता नुसत्या यादीला घाबरते, ती जातीला काय हरवणार?

कोणी म्हणेल, उघड केले असते तर वाळीत पडले असते. खरे आहे. पण आमची माणसे तर जन्मतःच वाळीत होती. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो दिवसाढवळ्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले. त्यानंतर आमच्या लोकांनी मार खाल्ला, पण पाणी लपून प्यायले नाहीत. बुद्धांनीही आनंदाला सांगितले होते की, शिकवण मुठीत झाकून ठेवणारा आचार्य मी नव्हे.

मित्रहो, परमहंस सभा संपली, परमहंस मात्र संपले नाहीत. शहरात आमच्या ताटात जेवणारे मित्र आजही म्हणतात, "गावाकडे सांगू नका बरं." आणि आमच्या पोरांना भाड्याची खोली मिळवताना आडनाव गिळावे लागते. दोन्हीकडे गुपितच आहे. फरक एवढाच, की त्यांचे गुपित सोयीचे आणि आमचे सक्तीचे.

म्हणून आम्ही त्या मुलाला एवढेच सांगितले : जो जातीच्या पलीकडे गेला, त्याने ते आपल्या गावात, आपल्या ओसरीवर, चारचौघांत दाखवावे. तोवर परमहंस हा नुसता शब्दच.

जय भीम!