भिंती टिकाव्यात, माणसेही टिकावीत

इंग्लंडच्या ग्रामीण भागात मध्ययुगीन दगडी चर्चेस आजही गावोगावी उभी आहेत. विल्टशायरमधील इंगलशॅम येथील लहानसे चर्च त्यांपैकीच एक. मुख्यतः तेराव्या शतकातील ही वास्तू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम मॉरिस यांच्या पुढाकाराने, मूळ रूप न बिघडविता दुरुस्त करण्यात आली. आता मात्र तेथे धर्मग्रामाची नित्य उपासना होत नाही. अशा वास्तूंसाठी १९६९ साली स्थापन झालेला न्यास तिची देखभाल करतो. त्याच्याकडे साडेतीनशेहून अधिक चर्चेस आहेत. तेथे भिंती राहिल्या, भाविक पांगले.

वसईत नेमके उलटे घडले. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकल्यानंतर आतील मठ व मंदिरे ओस पडली. त्यांचे अवशेष आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. छप्परे गेली, परंतु गावांतील भाविकांनी श्रद्धा जपली. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांताची सीमा पुढे डहाणू-तलासरीपर्यंत पोहोचली.

सायवन व आसपासच्या गावपाड्यांना मात्र तिसऱ्याच प्रश्नाने गाठले आहे. येथे माणसे आहेत, पण भूमीच अस्थिर झाली. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. ऐन थंडीत अनेक कुटुंबांनी घराबाहेर, तंबूत रात्री काढल्या.

कारवीच्या कुडाची भिंत हलकी असते. ती हलते, पण सहसा एकदम कोसळत नाही. विटांच्या वा दगडांच्या भिंतीला सळ्या व काँक्रीटचे आडवे पट्टे नसतील, तर धोका अधिक. म्हणजे ज्याला आपण 'पक्के' बांधकाम म्हणतो, तेच प्रसंगी घातक ठरू शकते.

म्हणून या भागातील प्रार्थनामंदिरे, शाळा व वसतिगृहे यांची अभियंत्यांकडून तपासणी व्हायला हवी. कमकुवत भिंतींना बळकटी द्यावी, दारे बाहेर उघडणारी असावीत आणि मुलांना बाहेर पडण्याचा सराव असावा. हा खर्च लहान समूहांना पेलणारा नाही; जुन्या, संपन्न धर्मग्रामांनी त्यात वाटा उचलावा.

सणासाठी मंडप व रोषणाई करताना आपण हात आखडता घेत नाही. त्यातील काही भाग या भिंतींसाठी बाजूला काढता येणार नाही का? आपल्या पूर्वजांनी छप्पर नसतानाही श्रद्धा टिकविली. त्या श्रद्धेच्या वारसांवर छप्पर कोसळू नये, एवढी काळजी घेणे हे आपले कर्तव्य ठरते.