कायद्याच्या अभ्यासासाठीं अर्ज किती करावे ?

वकील होऊं इच्छिणाऱ्या आमच्या बंधुभगिनींपुढें दरसाल हा प्रश्न उभा राहतो. कोणी एकाच अर्जावर भिस्त ठेवितो, तर कोणी भीतीपोटीं डझनभर अर्ज भरतो. आमच्या मतें दोन्ही मार्ग अविचाराचे होत.

मुंबईचें सरकारी लॉ कॉलेज १८५५ सालचें व पुण्याचें आय. एल. एस. १९२४ सालचें, या दोहोंची वाट हल्लीं राज्याच्या सामाईक परीक्षेंतून जाते. बहुतेक राष्ट्रीय विधि विद्यापीठांसाठीं २००८ पासून ‘क्लॅट’ ही निराळी परीक्षा आहे. दिल्लीच्या विद्यापीठाची तिसरीच. म्हणजे तीन अर्जांत पुष्कळशीं उत्तम दारें ठोठावितां येतात.

खरा विचार हवा तो पुढें पसंतीक्रम लिहितांना. सरकारी कॉलेजाची वर्षाची फी हजारांत, तर राष्ट्रीय विद्यापीठाची लाखांत जाते. म्हणून प्रत्येक नांवापुढें थांबून स्वतःस विचारावें : येथें जागा मिळाल्यास मी खरोखर जाईन काय ? घरच्यांस हा खर्च झेपेल काय ? उत्तर ‘नाहीं’ असेल, तर तें नांव गाळावें. यादी लहान झाली तरी चालेल. ती खरी असावी.