सबालेंकाची दुसरी सर्व्हिस

म्हैसूरला एनसीसीच्या पोस्टिंगवर आल्यापासून माझ्याकडे संध्याकाळचा वेळ असतो. कुपवाडा आणि जैसलमेर करून आलेल्या माणसाला हे पचायलाच दोन महिने लागले. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त कर्नल राहतात. टेनिसचे भयंकर शौकीन. त्यामुळे ग्रँड स्लॅम सुरू असली की आमची बैठक त्यांच्याकडे. मॅडमची फिल्टर कॉफी, सरांची कॉमेंट्री, आणि प्रत्येक सामन्यानंतर ठरलेलं वाक्य : "शेवटी सगळा खेळ डोक्याचा असतो रे!"

सरांशी मी सहसा वाद घालत नाही. सीनियर ते सीनियरच. पण बेलारूसच्या अरिना सबालेंकाबद्दल ते हे वाक्य बोलले, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. तिची कारकीर्द मला नेमकी उलटी गोष्ट सांगते.

मुंबईकरांनी तिला पाहिलंय, फक्त बऱ्याच जणांच्या ते लक्षात नाही. नोव्हेंबर २०१७. चर्चगेटला ब्रेबॉर्न स्टेडियमच्या आवारात, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर मुंबई ओपन झाली, १ लाख २५ हजार डॉलरच्या श्रेणीची. सबालेंका १९ वर्षांची होती. त्याच महिन्यात मिन्स्कला घरच्या प्रेक्षकांसमोर ती फेड कपची फायनल खेळली होती. तिथे तिनं त्या वर्षीची यूएस ओपन विजेती स्लोन स्टीफन्सला हरवलं, पण अमेरिकेनं ३-२ अशी लढत जिंकली. एवढ्या मोठ्या मंचावरून उतरून ती थेट मुंबईच्या दमट हवेत आली आणि अंतिम सामन्यात स्लोव्हेनियाच्या दलिला याकुपोविचला ६-२, ६-३ असं हरवून करंडक घेऊन गेली. उंच, दणकट, प्रत्येक फटका जीव खाऊन मारणारी. तेव्हाच तिला हिमतीचं कमी होतं असं कुणी म्हणालं असतं का?

आता जानेवारी २०२२ बघा. तोवर ती जगात दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलेली आहे, दुहेरीत दोन ग्रँड स्लॅम जिंकलेली आहे. आणि ॲडलेडला मोसमाच्या पहिल्या दोन सामन्यांत मिळून तिच्या हातून ३९ डबल फॉल्ट होतात. टेनिस न बघणाऱ्यांसाठी सांगतो : सर्व्हिसला दोन संधी मिळतात, दोन्ही चुकल्या की गुण आयता समोरच्याला. एका सामन्यात सात-आठ डबल फॉल्ट झाले तरी खेळाडू वैतागतो. हिचे एकात १८, दुसऱ्यात २१. वाईट याचं वाटत होतं, की शेवटी ती शाळकरी मुलीसारखी खालून चेंडू टाकत होती, आणि डोळ्यांत पाणी. त्या वर्षभरात तिचे चारशेहून अधिक डबल फॉल्ट झाले.

सगळ्यांनी निदान एकच केलं. डोकं गेलं. दडपण घेते. मनानं कच्ची आहे. तिलाही ते पटलं असावं, कारण मानसतज्ज्ञाची मदत ती घेतच होती. तिचा प्रशिक्षक अँटन डुब्रोव्ह तर त्या फेब्रुवारीत म्हणाला, की मला उपाय सापडत नाही, मी बाजूला होतो. तिनं त्याला जाऊ दिलं नाही. (हा माणूस मला आवडतो. आपल्याला जमत नाही हे हाताखालच्या माणसासमोर कबूल करणारे फार थोडे असतात.)

त्याच वर्षी युद्धामुळे बेलारूसच्या खेळाडूंच्या नावापुढचा ध्वज काढला गेला आणि विम्बल्डननं त्यांना प्रवेशच नाकारला. ज्याच्या गणवेशावर तिरंगा असतो त्याला त्यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण तो लेख वेगळा. इथे मुद्दा इतकाच, की मन खचायला कारणं हवी तेवढी होती.

आणि दुरुस्ती कुठून झाली? ऑगस्ट २०२२मध्ये गॅव्हिन मॅकमिलन नावाचा बायोमेकॅनिक्सचा माणूस आला. बायोमेकॅनिक्स म्हणजे शरीर एक यंत्र मानून त्याची हालचाल तपासायची : चेंडू कुठे उडतो, हात कुठून येतो, वजन कोणत्या पायावर जातं. त्यानं तिची सर्व्हिस सुटी करून पुन्हा बांधली. काही आठवड्यांत ती यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत होती आणि पाच महिन्यांत ऑस्ट्रेलियन ओपनची विजेती. मानसतज्ज्ञाकडे जाणं आपण थांबवलंय, असं तिनं त्याच स्पर्धेच्या वेळी सांगितलं. पुढे २०२४ला पुन्हा ऑस्ट्रेलिया, २०२४ आणि २०२५ला यूएस ओपन, आणि पहिला क्रमांक.

हे वाचून मला तरी आमची फायरिंग रेंज आठवली. रायफल अडकली तर आपण तिला धीर देत बसतो का? स्टॉपेज आलं की ठरलेली ड्रिल आहे : थांब, बघ, कारण शोध, दूर कर. पण रायफलमागच्या माणसाचं काही अडलं की आपण लगेच भाषण सुरू करतो.

इथल्या शिबिरात एक कॅडेट होती, सेकंड इयरची. पॉइंट टू टू रायफल, पाच राउंड, आणि पाचही गोळ्या पाच दिशांना. तिच्या कन्नड वळणाच्या हिंदीत ती स्वतःच मला म्हणाली, "सर, मी नर्व्हस होते. घरी पण सगळे तेच म्हणतात." आमचे हवालदार उस्ताद कमी बोलणारे. त्यांनी तिला दोन्ही हातांच्या पंजांमध्ये छोटी फट करून त्यातून लांबचा खांब बघायला लावला, मग एकेक डोळा झाकायला लावला. मुलगी उजव्या हाताची, पण तिचा जोरकस डोळा डावा. वर तो डावा डोळा तिला एकटा मिटताही येत नव्हता. मिटला की सगळा चेहरा आखडायचा, हात थरथरायचा. बघणाऱ्याला वाटणार, घाबरली! उस्तादांनी चष्म्याच्या डाव्या काचेवर कागदाचा तुकडा चिकटवला. पुढचे पाच राउंड आठाण्याच्या नाण्याखाली झाकले गेले नाहीत, पण चहाच्या बशीखाली नक्की गेले. त्यानंतर ती नर्व्हस दिसली नाही.

मुलींच्या बाबतीत हा 'मनानं कच्ची'चा शिक्का फार लवकर बसतो, आणि एकदा बसला की ती मुलगी स्वतःच तो मिरवते. मुलगा चुकला तर आपण त्याचं कोपर बघतो. मुलगी चुकली तर तिचा चेहरा बघतो.

सरांचं म्हणणं अगदीच मोडीत काढत नाही मी. २०२५ची पॅरिसची फायनल सबालेंका कोको गॉफकडून हरली, त्यात तिच्या ७० टाळता येण्याजोग्या चुका होत्या. त्या दिवशी वारा होता हे खरं, पण डोकंही तापलं होतं. मन लागतंच. माझा वाद क्रमाबद्दल आहे. मेलबर्नला २०२३च्या फायनलमध्ये एलेना रिबाकिनाविरुद्ध पहिल्या मॅच पॉइंटवर तिनं काय केलं असेल? डबल फॉल्ट. वर्षभरापूर्वी असती तर तिथेच कोसळली असती. या वेळी तिला माहीत होतं की हात कसा चालतो, आणि चौथ्या मॅच पॉइंटवर काम झालं. तो धीर दुरुस्त झालेल्या हातातून आलेला होता. आणि गंमत म्हणजे तिला पॅरिसमध्ये हरवणाऱ्या गॉफची सर्व्हिस त्याच उन्हाळ्यात ढेपाळली, तेव्हा तिनं बोलावलं कुणाला? मॅकमिलनलाच.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. राजपुताना रायफल्सच्या नीरज चोप्रानं टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकला, तेव्हा आपण सगळ्यांनी जिगर, मिट्टी, फौजी खून असं बरंच काही लिहिलं. मीही फॉरवर्ड केलं. त्याच्या शेजारी उभे असलेले प्रशिक्षक क्लाउस बार्टोनिट्झ हे बायोमेकॅनिक्सचे जाणकार, हे किती व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं?

पुण्या-सोलापुरात ज्यांच्या मुली भल्या पहाटे कोर्टवर जातात, त्यांना एक सुचवतो. पुढच्या वेळी सर्व्हिस बिघडली तर परतीच्या वाटेवर गाडीत 'कॉन्फिडन्स ठेव' म्हणू नका. फोन काढा, एकदा बाजूनं आणि एकदा मागून, स्लो मोशनमध्ये दहा सर्व्हिस टिपा आणि प्रशिक्षकाला दाखवा. मोठी प्रयोगशाळा नंतर बघू.

आमच्या रेंजवर पुढच्या शिबिरापासून पहिली गोळी देण्याआधी प्रत्येक कॅडेटचा जोरकस डोळा तपासला जाणार आहे. उस्तादांनी त्यासाठी रजिस्टरमध्ये नवा रकाना आखलाय. सरांना सांगितलं तर म्हणाले, "ठीक आहे, पण डोक्याचाही एक रकाना ठेव."